पथ्याच्या कागदाविरुद्ध

"डायलिसिस लागलं ना? मग आता मटण बंद, अंडी बंद, डाळ बंद." मीरा रोडच्या नया नगरमध्ये हे वाक्य इतक्या तोंडांतून येतं की ते पहिल्यांदा कोण बोललं हे विचारण्यात अर्थ उरलेला नाही. शेजारच्या खालाजान सांगतात, कोपऱ्यावरचा केमिस्ट सांगतो, रत्नागिरीहून फोनवर विचारपूस करणारे मामू सांगतात आणि पुष्कळदा घडीवर फाटत आलेला एक झेरॉक्सचा कागद सांगतो. कागदाला दवाखान्याचा मान असतो, म्हणून घरातली मंडळी तो फ्रिजवर चिकटवतात आणि आजाऱ्याच्या ताटातली एकेक वाटी उचलायला लागतात. उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं असोत की कोकणी मुसलमान, तऱ्हा तीच. पलीकडे भाईंदरच्या जैन घरांत मटणाचा प्रश्नच नसतो, तिथे डाळ आणि पनीर जातं.

या वाक्याशी मला भांडायचं आहे. ते साफ खोटं असतं तर सोपं होतं, कुणीही खोडून काढलं असतं. अडचण अशी की ते एकेकाळी याच आजाऱ्यासाठी खरं होतं आणि डायलिसिस सुरू झालं त्या दिवशी खोटं झालं. मधल्या काळात कागद बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही.

मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत असतात पण मशीन अजून लागलेलं नसतं, त्या टप्प्यावर प्रथिनं कमी करायला शास्त्राचा आधार आहे. प्रथिनं पचली की युरिया तयार होतो, तो बाहेर टाकण्याचं काम थकलेल्या मूत्रपिंडांवर पडतं, म्हणून वाट्याला येणारा भार हलका करायचा. १९६३ साली नेपल्सचे कार्मेलो जिओर्दानो आणि १९६४ साली पिसाचे सर्जिओ जोव्हानेत्ती यांनी या विचाराला आहाराचं रूप दिलं. दिवसाला जेमतेम वीस ग्रॅम प्रथिनं. त्या काळात ते ठीकच होतं. सिअ‍ॅटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांच्या शंटमुळे, म्हणजे रक्तवाहिन्यांना जोडून ठेवलेल्या नळीमुळे, १९६० पासून एकाच माणसाला पुन्हापुन्हा डायलिसिस देणं शक्य झालं होतं खरं, पण यंत्रं मोजकी आणि आजारी असंख्य. ज्यांच्या नशिबी यंत्र नव्हतं त्यांचा मळमळ-उलट्यांचा त्रास या आहाराने कमी होई, थोडे दिवस वाढत. आता गंमत पाहा. त्या वीस ग्रॅमांत इटालियन डॉक्टरांनी आवर्जून ठेवलं होतं ते अंडं! प्रथिनं थोडीच द्यायची असतील तर ती उत्तम प्रतीची द्यावीत, असा त्यांचा हिशेब होता. आपल्याकडच्या कागदाने त्यांची बंदी तेवढी उचलली आणि अंडं गाळलं.

डायलिसिस सुरू झालं की सगळा जमाखर्च बदलतो. चार तासांच्या एका सिटिंगमध्ये मशीन युरिया काढतं, पोटॅशियम काढतं, साठलेलं पाणी काढतं. आणि त्याच पडद्याच्या छिद्रांतून रक्तातली अमिनो आम्लंही निघून जातात, साधारण सहा ते बारा ग्रॅम. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही, रेणू लहान असला की तो गेला. शिवाय रक्त मशीनमधून फिरत असताना शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं, आणि रक्तातला आम्लपणा, आत मंद चाललेला दाह, अन्नावरची वासना उडणं हे सगळं वर. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांची प्रथिनं तर रोजच्या रोज पाण्याबरोबर जातात. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने आहारतज्ज्ञांच्या संस्थेबरोबर २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, त्यांत दोन वेगळे आकडे आहेत. डायलिसिसच्या आधी, मधुमेह नसेल तर, वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.६ ग्रॅम प्रथिनं. डायलिसिसवर १ ते १.२ ग्रॅम. जवळजवळ दुप्पट.

पंचावन्न किलोच्या बाईंचा हिशेब करू. त्यांना दिवसाला पंचावन्न ते सहासष्ट ग्रॅम प्रथिनं हवीत. कागदाबरहुकूम त्यांचा दिवस असा जातो: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दुधीची भाजी, दोन चपात्या, थोडा भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री भूक नाही म्हणून दोन घास. पंचवीस ग्रॅम झाले तरी खूप. आता दुसरा दिवस. तीन अंड्यांचा पांढरा भाग, त्याचे अकरा ग्रॅम. शिजवलेल्या चिकनचे पाऊण मूठ तुकडे, वीस. एक वाटी डाळ, सहा. चार चपात्या, बारा. भात आणि छोटी वाटी दही मिळून आठ. सत्तावन्न झाले. ही काही पहिलवानाची खुराक नाही, नया नगरमधल्या कुठल्याही घरातलं बेतशीर जेवण आहे. शाकाहारी घरात पनीर, दही, डाळ, सोयाबीन यांची मांडणी करावी लागते, जरा डोकं लढवावं लागतं, पण जमतं.

यावर घरच्यांचं ठरलेलं उत्तर असतं: "पण परहेज पाळल्यापासून क्रिएटिनिन खाली आलंय." या वाक्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याची मूत्रपिंडं अजून थोडी काम करतात त्याच्या रिपोर्टात ते घटलं तर आनंद मानावा. पण ज्याची लघवी जवळपास थांबली आहे, डायलिसिस पूर्वीइतकंच चाललं आहे, आणि सिटिंगच्या आधीचं क्रिएटिनिन दहावरून सहावर आलं, त्याची मूत्रपिंडं सुधारलेली नसतात. त्याच्या मांड्या-दंडांचं मांस गेलेलं असतं. लाउरी आणि ल्यू या संशोधकांनी १९९० साली अमेरिकेतल्या बारा हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांच्या तपासण्या ताडून पाहिल्या, तेव्हा मृत्यूशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कमतरतेचं, आणि क्रिएटिनिन कमी असणंही धोक्याच्याच बाजूला पडलं. अल्ब्युमिन नुसत्या उपासाने उतरत नाही, जंतुसंसर्गाने, आतल्या दाहानेही उतरतं, हे मान्य. तरी ज्या घरात अल्ब्युमिन तीनच्या खाली गेलंय आणि क्रिएटिनिन उतरल्याचे पेढे वाटले जातायत, तिथे कुणीतरी रिपोर्ट उलटा वाचतो आहे.

काटाही फसवतो. आजाऱ्याचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, एकदा ठरतं, समजा बावन्न किलो, आणि महिनोन्‌महिने फाइलवर तेच राहतं. मधल्या काळात तीन किलो मांस झिजतं आणि त्याची जागा तीन किलो पाणी घेतं. काट्यावर बावन्नच. पायावर सूज, रात्री उशा रचून बसून झोपावं लागतं, आणि घरचे म्हणतात की वजन तर तेवढंच आहे. टेक्निशियनला हे कळतं, पण त्याच्यापुढे ओळीने मशीनं लागलेली असतात.

आता यखनीकडे येऊ, कारण तिथे या वस्तीची माया आणि चूक एकाच पातेल्यात शिजते. आजाऱ्याला गोश्त जड, म्हणून ते उकळायचं, बोट्या घरातल्यांनी खायच्या आणि वरचं पाणी आजाऱ्याला वाटीभर पाजायचं. घाटावरच्या घरांत हेच अळणी म्हणून देतात, कुठे पायाचं सूप म्हणून. मांस पाण्यात उकळलं की त्यातलं पोटॅशियम आणि बरंचसं फॉस्फरस पाण्यात उतरतं, मीठ तर घातलेलंच असतं. प्रथिनं बहुतेक सगळी बोटीतच राहतात. म्हणजे डायलिसिसवाल्याने जे टाळायचं ते सगळं त्याच्या वाटीत, आणि त्याला ज्याची गरज ते भावाच्या ताटात. पातेलं तेच ठेवा, फक्त वाटण्या उलट करा.

याच ठिकाणी दुसऱ्या एका आवाजाची दखल घ्यायला हवी, तो नया नगरच्या बाहेरून येतो. "त्यांच्यात मटणच एवढं खातात, किडन्या जाणार नाहीत तर काय?" हे वाक्य रेल्वेच्या डब्यातही ऐकू येतं आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही. लाल मांस फार खाणाऱ्यांत मूत्रपिंडाचे विकार थोडे जास्त आढळल्याचं काही पाहण्या सांगतात, ते मी लपवत नाही. पण आपल्याकडे डायलिसिसच्या खुर्चीवर माणसाला आणून बसवणारे दोन मोठे गुन्हेगार म्हणजे मधुमेह आणि वर्षानुवर्षं न मोजलेला रक्तदाब. मागोमाग वेदनाशामक गोळ्या, मुतखडे, दुर्लक्षित संसर्ग, आणि कारणच न सापडलेली मोठी रांग. मधुमेह कबाबाला ओळखतो तसाच जिलेबीला आणि साबुदाण्याच्या खिचडीलाही. भाईंदरच्या शुद्ध शाकाहारी इमारतींतूनही माणसं डायलिसिसला जातात, त्यांना कुणी तुमच्या श्रीखंडाने हे केलं असं ऐकवत नाही. आणि समजा, कारण मटणच होतं असं क्षणभर धरलं, तरी मूत्रपिंडं गेल्यावर मटण तोडून ती परत येत नाहीत. पथ्य ही शिक्षा नव्हे. आजारी माणसाच्या ताटावर त्याच्या जातीधर्माचा हिशेब चुकता करायची खोड आधी सोडावी.

प्रतिपक्षाचा खरा मुद्दा मात्र मी टाळणार नाही, कारण तो वजनदार आहे. प्रथिनं वाढवली की फॉस्फरस वाढतं. ते रक्तात साठलं की अंगाला खाज सुटते, हाडं पोकळ होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चुना बसतो. मशीन फॉस्फरस फार नाखुशीने काढतं. हे सगळं खरं आहे. पण फॉस्फरस कुठून येतं ते पाहिलं की बंदीचा नेम चुकलेला दिसतो. डाळी-धान्यांतलं फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं, आपलं आतडं त्यातलं निम्म्याहून कमीच शोषतं. मांस-अंड्यांतलं जरा जास्त शोषलं जातं. आणि कारखान्यात मिसळलेलं फॉस्फेट, म्हणजे काळ्या कोला पेयांतलं, पॅकबंद नगेट्स-सॉसेजमधलं, प्रोसेस्ड चीजमधलं, बेकिंग पावडरमधलं, ते जवळजवळ सगळं रक्तात जातं. अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम प्रथिनामागे फॉस्फरस नावाला असतं, पाचेक मिलिग्रॅम. आमच्या बंदीवाल्या घरात मात्र अंडं हद्दपार असतं आणि पाहुणा आला की आजाऱ्यापुढे आग्रहाने थंडाची बाटली फुटते, कारण कोल्ड्रिंकचं नाव कागदावर नसतं. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, ज्यांना सगळे बाइंडर म्हणतात, त्या जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. कितीतरी जण त्या सकाळी उपाशीपोटी बाकीच्या गोळ्यांबरोबर गिळतात. पोटात अन्नच नाही तर बांधायचं काय?

बंदीच घालायची हौस असेल तर तिला चांगली कामं आहेत. मिठाला घाला. तहान लावतं ते मीठ. आणि दोन सिटिंगमध्ये चार किलो वजन चढवून आलेल्या माणसाचं पाणी मशीनने ओढलं की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. घोट मोजत बसण्याआधी लोणचं, पापड, खारी, सुके बोंबील, सुकट आणि पुड्यातला मसाला मोजा. सैंधव हेही मीठच आहे, उपासाला चालतं म्हणून सोडियम त्याला सोडून जात नाही. 'लो सोडियम' मीठ तर त्याहून वाईट, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि ते डायलिसिसवाल्याच्या हृदयाचा ठोका थांबवू शकतं. शहाळ्याचं तेच. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि मोसंबी घेऊन येतो. एका शहाळ्याच्या पाण्यात पाचसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. "कुदरती चीज है, नुकसान नहीं करेगी," असं म्हणत ते पाजलं जातं. कमरख हे आंबट फळही कुदरतीच आहे. त्यातलं कॅरमबॉक्सिन नावाचं विष ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ साली वेगळं करून दाखवलं. मूत्रपिंडं निकामी असलेल्याला एखादं फळही पुरतं: न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, आणि मृत्यूही. या फळाचं नाव मी अजून कुठल्याच कागदावर वाचलेलं नाही. भाज्यांवर सरसकट बंदीचीही गरज नसते. बटाटा बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळावा, पाणी फेकून द्यावं, मग सालनात टाकावा, पोटॅशियम बरंच उतरतं. यात कष्ट आहेत, आणि ते घरातल्या बाईच्याच वाट्याला येतात, हेही सांगून टाकतो.

रमजानात हा सगळा तिढा एकदम वर येतो. कुराणाने आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे, गरिबाला जेवू घालून फिदया देता येतो, आणि तरी डायलिसिसवरची माणसं रोजे धरतात, कारण घरात एकट्याने दुपारी जेवणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. ही लाज मला समजते, तिच्यावर व्याख्यान देण्याचा मला हक्क नाही. पण मग निदान इफ्तारचं दस्तरखान तरी पाहा. मूठभर खजूर, फ्रूट चाट, दोन ग्लास सरबत, आणि दिवसभराची तहान. पोटॅशियम आणि पाणी, दोन्ही एका तासात. त्याच दस्तरखानावरचा शामी कबाब मात्र त्याच्यापासून दूर सरकवला जातो, गोश्त आहे म्हणून! एक खजूर, अर्धा ग्लास पाणी, दोन कमी मिठाचे कबाब आणि रोटी, हे त्याला जास्त मानवेल. सवलत घेतो म्हटलं तर त्याला दुपारी सोबत बसून जेवणारं कुणी घरात असावं; लहान मुलं असतातच की.

माझ्या म्हणण्याला एक आर्थिक बाजू आहे आणि ती सोडली तर हा वाद घरातल्या बायकांना दोष देऊन संपेल, जे मला नको आहे. आठवड्याला तीन सिटिंगच्या गृहीतावर वरचे आकडे उभे आहेत. आपल्याकडे कितीतरी जण दोनच करतात, पैशापायी, रोजगार बुडतो म्हणून, सोबतीला माणूस नाही म्हणून. दोन सिटिंगवाल्याने पोटभर प्रथिनं खाल्ली तर युरिया, पोटॅशियम, फॉस्फरस साठणारच, आणि मग डॉक्टरही नाइलाजाने म्हणतो, खाणं कमी करा. मशीनची कसर भुकेने भरून काढण्याचा हा व्यवहार आहे. त्याला वैद्यकीय सल्ला म्हणू नये. तिसरं सिटिंग हवं, तिसरं मिळेपर्यंत त्या माणसाचा आहार आहारतज्ज्ञाने त्याचे रिपोर्ट पाहून बसवायला हवा, झेरॉक्सने नव्हे.

१९७५ च्या नोव्हेंबरात जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेतून सुटून मुंबईच्या जसलोकमध्ये आले, आणि पुढे त्यांच्या डायलिसिस यंत्रासाठी देशभर वर्गणी गोळा झाली. यंत्राच्या आधारावर ते जवळपास चार वर्षं जगले. आज मीरा रोडला जाता-येता डायलिसिसच्या पाट्या दिसतात. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. दरवर्षी देशात सुमारे २.२ लाख नवे रुग्ण या अवस्थेला पोचतात असं सरकारच सांगतं. मशीनवरचे चार तास सरकारने अंगावर घेतले, हे मोठंच काम झालं. पण उरलेले तास ज्या अन्नावर निघायचे ते सरकारी हिशेबात नाही.

हिशेबात घेता येत नाही असंही नाही. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० मिळतात. झारखंडमधल्या रेशन्स चाचणीने २०२३ साली दाखवलं की क्षयरोग्याच्या घरच्यांना पोषक शिधा पुरवला तर त्यांच्यातला नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटतो. अन्न हे औषध आहे, हे एका आजारात सरकारने मान्य केलं आणि त्याची रक्कमही ठरवली. डायलिसिसच्या रुग्णाचं मात्र अन्न हाच शत्रू ठरवून आपण मोकळे. प्रत्येक सेंटरमागे महिन्यातून दोन वेळा येणारा एक आहारतज्ज्ञ, अल्ब्युमिनची ठरलेली तपासणी, दर तिमाहीला नव्याने ठरवलेलं ड्राय वेट, आणि खात्यात थेट जमा होणारी थोडी रक्कम, एवढीच मागणी आहे. नया नगरच्या बाजारात अंडं सात-आठ रुपयांना मिळतं. रोजच्या तीन अंड्यांचे महिन्याला साधारण सातशे रुपये होतात. क्षयरोग्याला मिळणाऱ्या हजारात ते बसतात, आणि वर दह्याचे पैसे उरतात.